कोबीला फूल येतं का गं?

आईंनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी कोबी चिरत होते आणि एक डोळा घड्याळावर होता. ठाणे-वाशी गाडी चुकली की ऐरोलीच्या ऑफिसात पोचायला उशीर, आणि मग दिवसभर त्याचीच चुटपुट. त्यामुळे मी नुसतं "येतं की" म्हटलं आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं पातेलं पुढे ओढलं.

"तू पाहिलंयस?"

नव्हतं पाहिलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय एक्याऐंशी, माहेर निफाडजवळचं, सगळं लहानपण शेतात गेलेलं. त्यांचा प्रश्न उगाच नव्हता. "गहू निसवतो. कांद्याला डेंगळे येतात. मेथी चार दिवस जास्त राहिली तर फुलावर जाते. कोबी आम्ही किती वर्षं लावला, गड्डे तोडले, गाडी भरून पाठवली. फूल काही दिसलं नाही कधी. बी आपलं पाकिटातून यायचं." एवढं बोलून त्या पुन्हा गवारीच्या शिरा काढायला लागल्या.

मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. पदवी हातात पडल्या पडल्या विम्याच्या ऑफिसात चिकटले, त्यामुळे त्या शिक्षणाचा उपयोग गॅलरीतल्या मनीप्लँटला लॅटिन नावानं हाक मारण्यापलीकडे फारसा झालेला नाही. पण कोबीचं फूल पाहिलेलं नसावं याची जरा लाजच वाटली. संध्याकाळी परतताना मुद्दाम जांभळी नाक्याच्या मंडईतून गेले आणि नेहमीच्या भाजीवाल्याला विचारलं. तो हसला. "ताई, कोबीला कसलं फूल? फूल पायजे तर फ्लॉवर न्या!"

त्याच्या त्या विनोदाकडे पुढे येते, कारण त्यातही एक मोठी फसगत आहे.

कोबी हा खरं म्हणजे दोन वर्षांचा प्रपंच आहे. पहिल्या वर्षी पानं जमवायची, गड्डा बांधायचा, थंडीत निपचित बसायचं; वसंतात गड्डा फोडून दांडा वर काढायचा, फुलायचं, शेंगा धरायच्या आणि संपायचं. आपण तो पहिल्या वर्षीच तोडून खातो. गड्डा उभा चिरला की मधोमध पांढरा दांडा दिसतो ना, ज्याला आमच्याकडे मुलं मीठ लावून खातात, त्याच्या अगदी टोकाला वाटाण्याहूनही लहान असा जिवंत शेंडा असतो. फुलायचं की पानंच काढत राहायचं, याचा निकाल त्या शेंड्यात लागतो. आणि तो निकाल थंडीशिवाय लागत नाही. ढोबळमानानं चार ते दहा अंशांची थंडी, तीही सलग सहा-आठ आठवडे.

ठाण्यात पारा पंधरा-सोळाला टेकला की बातमी होते आणि उपवनला सकाळी फिरणारी मंडळी कानटोप्या घालून एकमेकांचे फोटो काढतात. कोबीच्या लेखी हा उन्हाळाच. निफाडची गोष्ट वेगळी. राज्यात थंडी पडली की पहिलं नाव निफाडचं येतं, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पण तिथेही दुपारी स्वेटर काढावाच लागतो. रात्रीची थंडी आणि दुपारचं ऊन, कोबीचा हिशेब जमत नाही. म्हणून आईंच्या शेतातला एकही कोबी कधी फुलला नाही. आपल्याकडच्या कोबीचं बी येतं ते डोंगरातून. हिमाचलात कुलू खोऱ्यात कटराईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे हे काम चालतं. गड्डे हिवाळाभर थंडीत राहू देतात, आणि वसंतात गड्ड्याच्या डोक्यावर सुरीनं अधिकची खूण करतात, भरल्या वांग्याला देतो तशी चीर. पानं इतकी घट्ट असतात की आतल्या दांड्याला बाहेर पडायला वाट लागते.

हे मी आईंना रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आपल्या फ्रिजात ठेव."

मी हसले. हे हसले नाहीत. यांना आईंचा स्वभाव माझ्याआधीपासून माहीत आहे.

दसऱ्याला आईंच्या भावाचा नातू सोनं द्यायला आला, तो पोत्यात तीन कोबी घेऊन. मुळांसकट, मातीसकट. फोनवर आधीच ठरलं होतं म्हणे. एकाची भाजी झाली. उरलेल्या दोघांची मुळं ओल्या मातीसह पिशवीत बांधली, फ्रिजमधली एक जाळी काढली आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांना आत बसवलं. आतलं तापमान मोजलं, पाच-सहा अंश. आईंनी दारावरच्या कालनिर्णयवर खूण केली.

खोड चांगलं पेन्सिलीएवढं जाड झालेलं असणं इथे महत्त्वाचं होतं. कोवळ्या रोपाला फ्रिजात ठेवून काही होत नाही. पोरवयात सोसलेली थंडी कोबी हिशेबातच धरत नाही. आधी अंगात जोर हवा, मग थंडी मोजायची. नुसत्या भिजलेल्या बियाण्याला थंडी पुरते अशी झाडंही आहेत, पण कोबी त्यांतला नाही.

आता झाड थंडी मोजतं म्हणजे काय करतं? मी कॉलेजात होते तेव्हा याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. ते हळूहळू लागलं, १९९९ नंतर, आणि बरंचसं लागलं ते मोहरीच्याच कुळातल्या एका पिटुकल्या रानटी झाडात. अराबिडॉप्सिस त्याचं नाव. त्यात एफएलसी नावाचं एक जनुक सापडलं. त्याचं काम एकच, फुलण्याला 'थांब' म्हणणं. दिवस कितीही चांगले असोत, हे जनुक चालू आहे तोवर फुलायची आज्ञा खालीच दबलेली. थंडी या जनुकाचं तोंड बंद करते. गंमत अशी की ते हळूहळू मंद होत जात नाही. इंग्लंडात नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमध्ये कॅरोलाइन डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रत्येक पेशीत हे जनुक एक तर चालू असतं नाही तर बंद. अधलंमधलं काही नाही. थंडीचा एकेक आठवडा सरतो तशा आणखी काही पेशी ते बंद करतात.

मला यावरून आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली. ठराव वाचला जातो, कुणी हलत नाही. मग दुसऱ्या मजल्यावरचे काका हात वर करतात. मग आणखी दोघं. अर्धा हात कुणी वर करत नाही, आणि एकदा वर केलेला खाली घेत नाही. तासाभरानं पुरेसे हात दिसले की सेक्रेटरी वहीत 'मंजूर' लिहून मोकळे. आठ दिवसांच्या थंडीनं कोबी का फुलत नाही आणि आठ आठवड्यांच्या थंडीनं का फुलतो, ते हे असं. बंद झालेलं जनुक पुढे ऊन पडलं तरी बंदच राहतं, कारण ज्या प्रथिनांभोवती त्याचा धागा गुंडाळलेला असतो त्यांवर खुणेची गाठ मारली जाते, आणि पेशी दुभंगली की तीच गाठ दोन्हीकडे जाते. जनुकातली अक्षरं मात्र होती तशीच.

थंडी कळते शेंड्याला. दिवस किती मोठा झाला हे कळतं पानांना. पानं मग शेंड्याला निरोप धाडतात. हा निरोप्या असणारच, असं रशियात मिखाईल चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकातच सांगून त्याला फ्लोरिजेन हे नावही देऊन टाकलं होतं. तो प्रत्यक्ष हाती लागायला सत्तर वर्षं गेली. पानातून शेंड्याकडे जाणारं एक छोटंसं प्रथिन निघालं ते. एफएलसी चालू असलं की हा निरोप पानातच अडतो. म्हणजे पानांना कितीही वाटलं तरी हिवाळा सोसल्याचा दाखला नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. विम्याच्या ऑफिसात आयुष्य गेलेल्या बाईला हे लगेच पटलं.

कोबी-मोहरीच्या घराण्यात याला आणखी एक पीळ आहे. अराबिडॉप्सिसच्या वाटेपासून वेगळं झाल्यावर यांच्या पूर्वजाचा सगळा जनुकसंचच कधीतरी तिप्पट झाला. त्यामुळे अराबिडॉप्सिसमध्ये एफएलसी एक, तर इथे एकाच ब्रेकच्या कित्येक प्रती. गोभी सरसों या तेलबियांच्या पिकात तर नऊ. कुठली प्रत जोरात आहे, कुठली मोडकी, यावर कुणी लवकर फुलायचं आणि कुणी अडून बसायचं हे बरंचसं ठरतं. शेतकऱ्यांनी हजारो वर्षं बी निवडताना न कळत याच ब्रेकांशी खेळ केला.

फ्रिजकडे वळते. दिवाळीत फार हाल झाले. श्रीखंडाचा डबा कोबीच्या डोक्यावर आणि कोबीचं पान श्रीखंडात. "आता दूधही गॅलरीत ठेवू का?" असं हे रोज विचारायचे. पाचव्या आठवड्यात एक गडी कामातून गेला. आधी पिशवीत पाणी सुटलं, मग जो वास आला तो गंधकाचा, या कुळाच्या अंगातच असलेला, पण सडल्यावर दसपट. खालच्या मजल्यावरून चौकशी झाली. आईंनी शांतपणे सांगितलं, प्रयोग चालू आहे.

त्याच दिवसांत त्यांनी दुसरा उद्योग केला. मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर मोहरी गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत फेकली. तीन दिवसांत उगवली आणि सहा आठवड्यांत पिवळी होऊन उभी राहिली. तिला ना फ्रिज लागला ना कटराईन. एकाच कुळातल्या, पण एकीला हिवाळ्याचा दाखला हवा, दुसरी म्हणते कशाला वेळ घालवा. आपली मोहरी दोन जातींच्या संकरातून झालेली आहे. शलगमाच्या जातीची दहा गुणसूत्रं आणि काळ्या मोहरीची आठ, मिळून अठरा. कोबीची नऊ शलगमाच्या दहांत मिळवली की एकोणीस, ती गोभी सरसों. हे गणित १९३५ साली मांडलं नागाहारू ऊ यांनी. वडील कोरियन, आई जपानी, जन्म टोकियोतला. पुढे कोरियात जाऊन त्यांनी तिथल्या कोबी-मुळ्याच्या बियाण्याचा प्रश्न सोडवला. तीन मूळ जाती आणि त्यांचे संकर दाखवणाऱ्या त्यांच्या त्रिकोणाची आकृती मी परीक्षेसाठी पाठ केली होती. ती फोडणीत तडतडते आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता फ्लॉवर. मराठीत आपण या भाजीला बिनधास्त फ्लॉवर म्हणतो आणि तिच्यात फूल म्हणावं असं काहीच नसतं. गड्डा म्हणजे फुलायला निघालेल्या आणि फुलता न आलेल्या शेंड्यांचा घोळका. शेंडा फूल व्हायला निघतो, मधेच अडतो, बाजूला नवे शेंडे फोडतो. तेही निघतात, तेही अडतात. त्या अडण्यामागे असलेल्या जनुकांपैकी एकाचं नावच कॉलिफ्लॉवर ठेवलंय. तुऱ्यातून तुरा, त्यातून तुरा, असा जो गोल गोल आकार दिसतो तो याच अडकण्यातून आलेला. म्हणजे मंडईतल्या भाऊंचं म्हणणं एका अर्थी उलटं होतं. कोबीला फूल येतं, अडून बसलेला आहे तो फ्लॉवर.

हा फ्लॉवर मुळात थंड मुलखाचा. १८२२ साली तो इंग्लंडातून सहारनपूरच्या बागेत आला असं सांगतात. पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी, आणि नंतर संशोधकांनी, जी झाडं उकाड्यात गड्डा धरतील त्यांचं बी ठेवत ठेवत एक वेगळीच भारतीय जात घडवली. युरोपी फ्लॉवरला दहा ते सोळा अंश लागतात. आपला लवकरचा वीस ते सत्तावीसमध्येही गड्डा धरतो. त्यांची नावं फार गोड आहेत: कुंवारी, कातकी, अगहनी, पौषी. कातकी म्हणजे कार्तिकातली, अगहन म्हणजे मार्गशीर्ष. जनुकशास्त्र जन्मायच्या आधी लोकांनी फुलण्याची वेळ पंचांगाच्या भाषेत लिहून ठेवली होती. फ्लॉवरमध्ये लवकर येण्यामागे एफएलसीची एक मोडकी प्रत असते असं आता दिसलंय. पण मला विचाराल तर 'कातकी' हे नाव जास्त कामाचं आहे.

कामाचं का, ते निफाडच्या नातवाला विचारा. मागल्या वर्षी त्यानं उशिराचा म्हणून फ्लॉवर लावला. रोपं देणाऱ्यानं वाण सांगितलं एक आणि दिलं दुसरं, लवकरचं. लवकरच्या वाणाला थोडासाच गारवा पुरतो. नोव्हेंबर-डिसेंबरची थंडी लागली आणि पुरती पानं व्हायच्या आत झाडांनी गड्डे धरले. बटनिंग म्हणतात त्याला. अक्रोडाएवढे गड्डे, दीड एकरभर. तोडणीची मजुरीही निघाली नाही. त्यानं ते फोनवर सांगितलं तेव्हा आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोराचं लग्न बारा वर्षांत लावल्यासारखं झालं."

आणि हवामानच डळमळू लागलं तर झाडं काय करतील? याचं एक उत्तर कॅलिफोर्नियातून आलेलं आहे. तिथे रानात माजलेल्या शलगमाच्या जातीच्या मोहरीचं बी १९९७ साली गोळा करून ठेवलं होतं. मग २००० ते २००४ सलग दुष्काळ पडला. २००४ मध्ये पुन्हा बी गोळा केलं आणि दोन्ही काळांतलं बी शेजारी शेजारी पेरलं. दुष्काळानंतरच्या बियांची झाडं आधी फुलली, एका ठिकाणच्या बियांची जवळजवळ दोन दिवस, दुसऱ्या ठिकाणच्या सुमारे साडेआठ दिवस. पाऊस लवकर संपत होता, तेव्हा जी उशिरा फुलायची ती बी न धरताच मेली. वर्षायू झाडांची पाच-सात पिढ्यांतली गोष्ट. शेतातल्या पिकाला मात्र स्वतःला असं बदलायची मुभा नाही, त्याचं बी पाकिटातून येतं.

फ्रिजमधल्या कोबीवरून मला सोव्हिएत रशियातला शेतीतज्ज्ञ लायसेंकोही आठवत राहिला. थंडी देऊन झाड फुलवायच्या तंत्राला रशियन नाव त्यानंच दिलं, १९२०च्या दशकाच्या शेवटी. पण थंडी सोसलेल्या झाडाचा हा गुण पुढच्या पिढीत उतरतो असं तो ठासून सांगू लागला. राज्यकर्त्यांना ते आवडलं. जगभरातून बियाणं गोळा करणारे निकोलाय वाविलोव त्याला विरोध करत राहिले. त्यांना १९४०मध्ये अटक झाली आणि १९४३मध्ये ते सारातोवच्या तुरुंगात मेले, उपासमारीनं. आता आपल्याला कळतं की बंद झालेलं एफएलसी झाडाच्या जन्मभर बंद राहतं, पण बी तयार होताना ती गाठ सोडवली जाते. नवीन रोप पुन्हा कोरं. त्याचा हिवाळा त्यालाच सोसावा लागतो. आईनं सोसलेला त्याच्या खात्यावर चढत नाही.

दत्तजयंतीला नऊ आठवडे पुरे झाले. कोबी बाहेर काढला, मोठ्या कुंडीत लावला. बाहेरची पानं पिवळी, मऊ. पहिले पंधरा दिवस काहीच नाही. मला भीती एकाच गोष्टीची होती: फ्रिजातून थेट ठाण्याच्या उकाड्यात आणलं तर जमा केलेली थंडी पुसली जाऊ शकते. म्हणून दुपारी कुंडी न्हाणीघरात आणि रात्री गॅलरीत अशी ने-आण करायचे. एके दिवशी आईंनी भाजीची सुरी घेतली आणि गड्ड्यावर अधिकची खूण करून टाकली. मी ऑफिसात होते, नाहीतर त्यांचा हात धरला असता.

दहा दिवसांत त्या चिरेतून काहीतरी वर आलं. आधी वाटलं पानच आहे. मग दांडा झाला, दांड्याला फांद्या, फांद्यांवर हिरवे मणी. रथसप्तमीला सकाळी आई गॅलरीत शेणीवर दूध उतू घालत होत्या. दूध उतू गेलं आणि त्यांनी मला हाक मारली, तीही नावानं. एरवी 'अगं' म्हणतात.

फिकट पिवळं फूल. चार पाकळ्या, समोरासमोर. आत सहा पुंकेसर, चार लांब, दोन आखूड. एक छोटी मधमाशी तिसऱ्या मजल्यावर कुठून वास काढत आली होती देव जाणे. आई कुंडीपाशी पाट घेऊन बसल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मोहरीसारखंच आहे की गं."

"चुलत घराणंच आहे, आई."

पंधरा-वीस दिवस फुलं येत राहिली. शेंग मात्र एकही धरली नाही. बारीक काड्या झाल्या, वाळल्या, गळल्या. आईंना बी हवं होतं, नातवाला देण्यासाठी. मग मला तेही सांगावं लागलं. कोबीचं फूल स्वतःच्याच झाडाचा पराग ओळखतं आणि त्याला रुजू देत नाही. दुसरा कोबी सडला नसता तरी कदाचित उपयोग नव्हता. संकरित बियांच्या एकाच पाकिटातली रोपं या बाबतीत बहुधा एकसारखी असतात, एकमेकांना चालत नाहीत.

"सगोत्र," आई म्हणाल्या.

"हो. तसंच काहीसं."

"मग दुसऱ्या गोत्राचा आणायला हवा. आणि दोन्ही एकदमच आत ठेवायला हवेत, म्हणजे एकदमच फुलतील."

यांनी पेपर खाली घेतला आणि फ्रिजकडे पाहिलं. आईंनी तोवर निफाडला फोन लावला होता. "बाळा, तुझ्या शेजारच्या शिवारात कोबीचं कुठलं वाण असतं रे?"